परसातले भाडेकरू

दादाचा फोन नेहमीसारखा सकाळी सातला आला. "परसात पेव्हर ब्लॉक बसवून घेतोय. दर पावसाळ्यात चिखल तुडवायचा कंटाळा आला. तुला काही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण, नंतर नको." आमच्या धारच्या वाड्यात आता माझा हिस्सा एवढाच उरलाय, म्हणण्याचा. मी म्हटलं, "बसव. पण आधी मला येऊ दे. थोडी माती घ्यायची आहे." पलीकडे जरा शांतता. मग, "कुंडीसाठी?" "नाही. बघायला." दादाने फोन वहिनीकडे दिला.

तीस वर्षं मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. संधिपाद प्राणी आले की आठ पायांच्या मंडळींचा एक तास असायचा. विंचू, कोळी, गोचीड अशी नावं फळ्यावर लिहून व्हायची आणि घंटा व्हायच्या बेताला मी 'माइट' हा शब्द घाईघाईने उच्चारून टाकायची. खरजेचा किडा त्यातलाच, गादीच्या धुळीतले त्यातलेच, वांग्या-भेंडीवरचा लाल कोळीही त्यातलाच. म्हणजे जे काही सांगितलं ते खाज, शिंका आणि औषधफवारणीच्या अंगाने. मातीत राहणाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात असणाऱ्या हजारो जातींना माझ्या तासात कधी अर्धं मिनिटही मिळालं नाही. निवृत्तीनंतर एक वापरलेला दोन डोळ्यांचा सूक्ष्मदर्शक घेतला तो काहीसा त्या अपराधापोटीच.

मराठीत यांना नाव नाही असं नाही, पण आहे ते उसनं. शेतकी पुस्तकं सरसकट 'कोळी' म्हणतात. कोळी म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे जाळं येतं, कुणाच्या होडी. मातीतले हे कोळी ना जाळं विणतात, ना मासे धरतात. मी आपली माइटच म्हणते. इंग्रजी शब्द आहे, पण निदान दुसऱ्या कुणाचा नाही.

मे महिन्याच्या शेवटी धारला पोचले. पवारांबरोबर माळव्यात आलेल्या माणसांपैकी आमचे कुणी पूर्वज. हिशेब लिहिता येत होता, एवढ्या भांडवलावर इथे राहिले. दुसरा बाजीराव १७७५ साली इथल्याच किल्ल्यात जन्मला, हे धारच्या मराठी घरांत पाढ्यांबरोबर पाठ होतं. आमच्या मराठीत हिंदी इतकी मुरली आहे की पुण्यात लग्न होऊन गेले तेव्हा सासूबाई पहिलं वर्षभर माझं बोलणं ऐकून हसत. आता उलट झालंय. धारला गेले की वहिनी माझ्या पुणेरीला हसते.

परस लांबट आहे. एका अंगाला नहाणी, तिचं पाणी एका उथळ पन्हळीतून मागच्या भिंतीकडे जातं. मधली जागा धुणं वाळत घालायची, सायकली ठेवायची, मुलांनी क्रिकेट खेळायची. ती पावलांनी चोपून काढून जवळपास जमिनीचा कोबाच झालेला. आणि भिंतीच्या कोपऱ्यात कडुनिंब. त्याच्या बुंध्याशी रोज झाडलेला पाचोळा लोटायचा, जाळायचा नाही, हा आजीचा दंडक. का, ते तिने सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. ती गेली, आई गेली, वहिनी आली, तरी पाचोळा त्याच कोपऱ्यात जात राहिला. निदान साठ वर्षं तिथे कुणी फावडं घातलेलं नाही.

मातीतून हे प्राणी वेचून काढायची युक्ती जुनी आहे. इटलीच्या आंतोनियो बर्लेसे या कीटकशास्त्रज्ञाने १९०५ साली ती काढली. नरसाळ्यावर जाळी, जाळीवर माती, आणि वरून ऊब. त्याच्याकडे गरम पाण्याची सोय होती. पुढे १९१८ साली स्वीडनच्या अल्बर्ट टुलग्रेनने तिथे विजेचा दिवा टांगला. माती वरून सुकत जाते, प्राणी ओलाव्यामागे खाली खाली सरकतात आणि शेवटी जाळीतून खालच्या बाटलीत पडतात. कुणी पकडत नाही, ते आपल्या पायांनी येतात. मी वहिनीचं तेलाचं नरसाळं मागून घेतलं, तिने ते परत न मागण्याच्या अटीवर दिलं. खिडकीला लावलेल्या मच्छरजाळीचा उरलेला तुकडा होता. खाली बाटलीत औषधाच्या दुकानातलं स्पिरिट. अडलं ते बल्बशी. अख्ख्या घरात, अख्ख्या गल्लीत एलईडी. तो उजेड देतो, ऊब देत नाही. आणि मला हवी होती ऊबच. शेवटी माळ्यावर, गणपतीच्या आराशीच्या खोक्यात, चाळीसचा एक पिवळा बल्ब सापडला.

कोपऱ्यातली माती आधी बसवली. हाताला ती माती लागत नाही, चहाचा चोथा लागतो. वर कालची पिवळी पानं, त्याखाली नुसत्या शिरा उरलेली, त्याखाली ओळखू न येणारी, मग काळपट भुसा. नहाणीच्या पाण्याने तिथे मे महिन्यातही गारवा होता. दिवस-रात्र बल्ब ठेवला. दुपारी वीज जायची, मी चरफडायची. तेवढ्या वेळात खाली उतरलेली मंडळी परत वर चढत असतील, असं वाटायचं. चौथ्या दिवशी बाटली एका बशीत ओतली आणि भिंगाखाली धरली.

उघड्या डोळ्यांना बशीत धूळ होती. भिंगाखाली धुळीच्या प्रत्येक कणाला आठ पाय.

सगळ्यांत जास्त होते ते ओरिबॅटिड. खसखशीच्या दाण्याहूनही लहान, तपकिरी, वार्निश मारल्यासारखे चकचकीत. अंगावर खरोखरचं कवच. काहींच्या खांद्यांवर पंखासारख्या दोन झडपा, धोका वाटला की पाय त्याखाली घ्यायचे. जगभरात यांच्या दहा हजारांवर जातींची नोंद झाली आहे आणि बहुतेकांचा धंदा एकच, सडतं पान आणि त्यावरची बुरशी खाणं. पान हे झाडाने टाकलेलं असलं तरी ते सहजी कुजत नाही. त्याचे तुकडे कुणीतरी करावे लागतात. ओरिबॅटिड ते करतो. त्याच्या पोटातून निघालेल्या बारीक लेंडीवर पुन्हा बुरशी आणि जिवाणू बसतात, आणि अंगावरच्या केसांना चिकटलेले बुरशीचे बीजाणू तो चालता चालता पुढच्या पानावर पोचवतो. खाणाराही तोच आणि पेरणाराही तोच.

त्यांच्यामधून फिकट रंगाचे, चपळ, पुढचे दोन पाय काठीसारखे चाचपत चालणारे काही होते. ते शिकारी. सूत्रकृमी, उड्या मारणारे स्प्रिंगटेल, दुसऱ्यांची अंडी, जे मिळेल ते. आणि एक प्रकार असा की पहिल्यांदा मला तो प्राणी वाटलाच नाही. गोल, बंद, बारीकशी डबी. अंगाचा पुढचा भाग झाकणासारखा मिटून घ्यायचा, पाय आत, बस. पेटीमाइट म्हणायला हरकत नाही. स्पिरिटमध्ये तो मिटलेलाच मेला होता. त्याला जिवंत बघायचं तेव्हाच ठरवलं.

वहिनीला बोलावून दाखवलं. तिने एक डोळा लावला, मग दुसरा. "हे सगळं आपल्याकडे?" मी हो म्हटलं. "मग पेव्हर बसवायला हवेतच," ती म्हणाली.

यानंतर परसाच्या मधली माती बसवली. कोपऱ्यापासून फार तर पाच पावलांवरची. चार दिवसांनी बशीत मोजून सात जीव, त्यातला एकही चकचकीत नाही. ऊन जास्त, ओलावा कमी, हे तर आहेच. पण खरं कारण मला नंतर उमगलं आणि ते तीस वर्षं शिकवूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं, याची लाज वाटली. माइटला खणता येत नाही. गांडूळ वाट काढतं, मुंगी माती उपसते, वाळवी बोगदे बांधते. माइटकडे यातलं काही नाही. गांडूळ गेल्यावर राहिलेली नळी, मूळ कुजून उरलेली पोकळी, दोन ढेकळांतली फट, पानावर पान पडून राहिलेली जागा, दुसऱ्याने करून सोडलेल्या या खोल्यांमध्ये तो राहतो. जन्माचा भाडेकरू. आमची क्रिकेटची खेळपट्टी तयार करताना आम्ही त्याच्या सगळ्या चाळी बुजवल्या होत्या.

ताकद नाही म्हणून नव्हे. आर्केगोझेटिस नावाच्या अशाच एका ओरिबॅटिडला २००७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मोजलं, तर त्याच्या नख्यांचा धरून ठेवायचा जोर स्वतःच्या वजनाच्या ११८० पट भरला. पण नखी धरायला आहे, कुदळीला नाही.

एका सकाळी दादाबरोबर तिरल्याच्या रस्त्यावरच्या शेतात गेले. जमीन बटाईने दिलेली आहे. गहू निघून दोन महिने झाले होते आणि नरवाई, म्हणजे कापणीनंतर उभी राहिलेली धांडं, पेटवून दिलेली. काळी जमीन त्यात आणखी काळी. माळव्याची ही माती बेसॉल्टची आहे, साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. पाणी मिळालं की ती फुगते, सुकली की आकसते. त्यामुळे मेमध्ये तिच्यात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. वरची वाळलेली भुकटी वाऱ्याने, गुरांच्या पायांनी त्या भेगांत पडते, पावसाळ्यात माती फुगते आणि खालची वर ढकलली जाते. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. भेगा म्हणजे माइटला आयत्या खोल्या. उन्हाळ्यात त्यांतून तो खाली जातो. पण पाऊस झाला की त्याच खोल्या मिटतात.

बटाईदाराला मी नरवाईबद्दल विचारलं. तो सरळ म्हणाला की मजूर मिळत नाही आणि सोयाबीनला रान लवकर मोकळं हवं. खोटं काय त्यात? माझ्या लहानपणी ही जमीन पावसाळाभर रिकामी असायची. काळ्या रानात पावसात औत चालत नाही, म्हणून चौमासा पडीक ठेवायचा, पाणी मुरवायचं आणि त्या ओलीवर रब्बीचा कठिया गहू घ्यायचा; आमच्या बाफल्यांना तोच लागे. सत्तरच्या दशकापासून सोयाबीन आलं आणि ते चार महिने भरून गेले. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, पोरं इंदूरला शिकली, दादाचा पेव्हर ब्लॉकही त्याच पैशातला. माइटच्या बाजूने बघितलं तर एवढंच की वर्षातून एकदा मिळणारी स्वस्थता गेली. वखर, पेरणी, कोळपणी, कापणी, आग, परत वखर.

शेतातली माती नरसाळ्यात बसवली तर अगदीच रिकामी गेली नाही. बारीक, मऊ अंगाचे, पांढुरके माइट निघाले, चिकार. कवचवाले चार-पाच. पुस्तकात हे वाचलेलं होतं, डोळ्यांनी बघताना वेगळं वाटलं. मऊ अंगाचे पटापट वाढतात, पटापट मरतात. उलथापालथ झाली तरी महिन्याभरात पुन्हा गर्दी. ओरिबॅटिडचं तसं नाही. त्याची अंडी थोडी. अंड्यातून निघतो तो सहा पायांचा. मग चारदा कात टाकून आठ पायांचा प्रौढ व्हायला कित्येक महिने, थंड मुलखात काही वर्षंसुद्धा. एकदा उठवला की परत वस्ती करायला त्याला वेळ लागतो आणि वखर तेवढा वेळ देत नाही. म्हणून शेतकी प्रयोगांत मातीची तब्येत बघायला ओरिबॅटिड मोजतात. नुसती डोकी मोजून काही कळत नाही, कोण राहतंय ते बघावं लागतं. हे शहरांनाही लागू आहे, पण तो विषय निराळा.

दादाचा ठेकेदार दरम्यान आज येतो, उद्या येतो करत होता. मला बरंच होतं.

जूनमध्ये देवासला जाऊन आले. ते माझं आजोळ, टेकडीच्या पायथ्याशी. धारहून इंदूर करून शंभरेक किलोमीटर. देवासात पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन वाडे, दोन कचेऱ्या, आणि रस्त्याच्या या अंगाला एक राज्य तर त्या अंगाला दुसरं. टेकडीवर देवीही दोन, तुळजाभवानी थोरली माता आणि चामुंडा धाकटी. ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीरावांकडे खाजगी चिटणीस म्हणून राहिला आणि पुढे त्याने या टेकडीच्या नावानेच पुस्तक लिहिलं. आजोबा सांगत, एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं तर काही बदलायचं नाही, भाजीचा भावसुद्धा तोच.

टेकडीच्या उतारावर मी एका मोठ्या दगडाभोवतीची माती घेतली. दगडाच्या उत्तरेकडची, सावलीतली एक पिशवी, आणि दक्षिणेकडची, उन्हातली दुसरी. मधे अंतर जेमतेम दीड हात. उतार मुरमाचा, मातीचा थर बोटभर, त्यात गवताची मुळं. धारला येऊन बसवलं तर दोन बशांतल्या मंडळींचा एकमेकांशी संबंध असल्याचं वाटेना. सावलीत जाड कवचाचे, संथ. उन्हात लांब पायांचे, लालसर, पळणारे. रस्त्याने तोडलेल्या दोन राज्यांत माणसं सारखी, आणि कुठलीही सरहद्द नसलेल्या एका दगडाखाली दोन मुलूख. या प्राण्याला नकाशा ओलाव्याचा आणि उबेचा लागतो. आपण 'माळव्याची माती' म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात अशा किती गाद्या असतील!

देवासला गेले की मला कुमार गंधर्व आठवतातच. क्षयाने आजारी होऊन ते १९४८ साली हवापालटासाठी देवासला आले. गाणं बंद, बोलणंही बेताचं. त्या पडून राहण्याच्या वर्षांत कानावर पडणारी माळव्यातली लोकगीतं त्यांनी ऐकली आणि पुढे गाण्यात आणली. माझ्या आजोळचे लोक हे सांगताना असा आव आणतात, की जणू ती गाणी आमच्याच ओट्यावरून गेली. पण एक खरं, हलायचं नाही असं ठरलं की बारीकसारीक ऐकू यायला लागतं.

पाऊस बावीस-तेवीस जूनला लागला. मृग कोरडाच गेला. माळव्यात बहुधा असंच होतं. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर दादाची नात धावत आली, "आत्याआजी, चल, चल!" परसात पन्हळीच्या कडेला मखमलीचे दोन लाल थेंब चालत होते. मृगाचा किडा. हाही माइटच, मातीतल्या माइटांमध्ये डोळ्यांना दिसावा असा हा एवढाच. बाकीची जमात खसखशीएवढी आणि हा चांगला चण्याच्या डाळीएवढा. आम्ही लहानपणी काड्यापेटीत कोवळं गवत घालून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी तो मेलेला निघाला की रडायचो. हा गवत खातच नाही, हे कुणी सांगितलं नाही. प्रौढ झाल्यावर तो लहान किडे आणि त्यांची अंडी खातो. पिल्लू असताना टोळांसारख्यांच्या अंगाला चिकटून त्यांचं रक्त पितो. वर्षाचा बहुतेक काळ जमिनीत, पहिल्या मोठ्या पावसानंतर थोडे दिवस वर.

मराठी नाव मृगाचं, पण धारला तो येतो आर्द्रेत. तेलुगूत त्याला आर्द्रेचाच किडा म्हणतात, म्हणजे आमच्यापेक्षा त्यांचं पंचांग धारला जास्त जवळचं. संस्कृतात हाच इंद्रगोप. कालिदासाच्या नावावर असलेल्या 'ऋतुसंहारा'त पावसाळ्याच्या सर्गात तो जमिनीच्या अंगावरचा दागिना होऊन येतो. उज्जैन इथून किती लांब! कवीने बघितला असेल तर असाच, पावसाच्या दुसऱ्या दिवशी, कुणातरी पोराच्या तळहातावर. नातीने बोट लावलं तसा त्याने पाय आत घेतले आणि मेल्याचं सोंग केलं. "मेला?" "थांब." ती अर्धा मिनिटही थांबेना. तो थांबला.

पाऊस झाल्यावर मांडूला गेलो, नात आणि मी. मांडूतली गोरखचिंचेची झाडं तिने आधी बघितली होती. तिकडे त्यांना मांडू की इमली म्हणतात आणि रस्त्याच्या कडेला ती पांढरट फळं विकायला असतात. मूळची आफ्रिकेतली ही झाडं मांडूत कधीपासून आहेत याच्या गोष्टी अनेक. मला रस बुंध्यात होता. हत्तीच्या पायासारख्या त्या सालीच्या सुरकुत्यांत पानांचा चुरा साठतो, वर बोटभर माती होते, त्यात शेवाळ. जमिनीपासून पाच फुटांवर टांगलेली एवढीशी जमीन. शेजारच्या पडक्या भिंतीवरही शेवाळ होतं. मेमध्ये ते कोळशाच्या भुकटीसारखं असतं. आता हिरवंगार, ओल्या टॉवेलसारखं. दोन्हीकडचं चिमूटभर घेऊन, या वेळी स्पिरिटमध्ये न टाकता, ओल्या टिपकागदावर घरी आणलं.

याच जिल्ह्यात, खाली बाघ गावाच्या बाजूला, डायनासोरची अंडी सापडतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नर्मदेच्या खोऱ्यातल्या या भागातली टायटनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली आहेत. मांडूहून परतताना नातीने विचारलं, डायनासोर आधी का हे तुझे किडे आधी? तिला वाटलं होतं, मी विचारात पडेन. स्कॉटलंडमधल्या रायनी गावच्या दगडात माइटचे अवशेष मिळाले आहेत ते सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा जमिनीवर झाड म्हणावं असं झाडही नव्हतं. डायनासोर त्यानंतर सतरा-अठरा कोटी वर्षांनी आले, आपली अंडी घालून गेले, त्यावर लाव्हा पसरला, लाव्ह्याची माती झाली आणि त्या मातीत पुन्हा हेच राहायला आले. "म्हणजे ते परत आले?" ती म्हणाली. मी म्हटलं, "ते कधी गेलेच नव्हते. बाकीचे येऊन जाऊन होते."

त्या रात्री टिपकागदावर मला जिवंत पेटीमाइट मिळाला. कुंचल्याच्या एका केसाने त्याला शिवलं. झाकण मिटलं. गोल, गुळगुळीत, कुठे सांधा दिसेना. मी घड्याळ लावून बसले. नात डोळे चोळत बसली, मग झोपली. अकरा मिनिटांनी खालच्या बाजूला एक फट पडली, केसाएवढी. फटीतून एक पाय आला, हवेत हलला, परत आत गेला. आणखी दोन मिनिटं. मग दोन पाय एकदम, मग झाकण वर, आणि तो ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने पुढे निघाला, काही झालंच नाही अशा थाटात.

सगळेच निरुपद्रवी आहेत असा माझा दावा नाही. बटाईदाराच्या शेळ्या एका सकाळी कोपऱ्यातला पाचोळा हुंगायला आल्या तेव्हा मीच त्यांना हाकललं. शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यात होणारा एक पट्टकृमी आहे. त्याची अंडी लेंडीतून जमिनीवर पडतात आणि पुढे ती शेळीत कशी पोचतात हे कोडं होतं. १९३७ साली अमेरिकेच्या होरेस स्टंकार्डने ते सोडवलं. गवताच्या मुळाशी राहणारा ओरिबॅटिड ती अंडी खातो, कृमी त्याच्या पोटात वाढतो, आणि दवाने ओल्या गवताबरोबर शेळी तो माइट गिळते. म्हणजे माझ्या कवचवाल्यांचं हेही एक काम. दादाला सांगितलं तर तो खूश झाला, त्याला पेव्हरसाठी आणखी एक कारण मिळालं.

आमची तडजोड अशी झाली की कडुनिंबाखालचा कोपरा सोडायचा, बाकी सगळीकडे ब्लॉक. दादाने खडूने रेघ मारली. ठेकेदाराची माणसं जुलैच्या पहिल्या आठवड्यात, उघाड बघून, अचानक उगवली. मुरूम भरण्यासाठी आधी वीतभर खोदायचं होतं. मधली चोपलेली माती कुदळीने ढेकळांत निघायला लागली. तेवढ्यात त्यातल्या एका पोराने घमेलं डोक्यावर घेऊन मला विचारलं, "बाईसाब, ये मिट्टी कहाँ डालूँ?" मी आत बल्ब काढत होते. खिडकीतूनच म्हटलं, पीछे, पेड़ के पास. माझ्या मनात होतं झाडाच्या पलीकडे, भिंतीला लागून. त्याने ऐकलं ते बरोबरच ऐकलं.

बाहेर आले तेव्हा कोपऱ्यावर गुडघाभर ढीग होता. खेळपट्टीची माती, गच्च, ओली, एकही खोली नसलेली. माणसं जेवायला गेली होती. मी पदर खोचला, वहिनीचं टोपलं घेतलं आणि खालचा पाचोळा लागू नये इतक्या बेताने हातांनी उपसायला लागले. सहाव्या टोपल्याला दादा आला, कंबरेवर हात ठेवून बघत राहिला, मग दुसरं टोपलं आणायला गेला. ओसरीवरून वहिनीची हाक आली, "वन्सं, चहा गार होतोय." अजून निम्मा ढीग बाकी होता.